अहमदाबादच्या आधी: लेन्स, आई आणि फोर्टातली पायपीट

रविवार, ५ ऑक्टोबर

तिकिटं निघाली. १२ डिसेंबरची रात्रीची गाडी, परतीची १७ ला. मी आणि आई. तीन दिवस अहमदाबादच्या जुन्या शहरात, पोळांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांमधून. एक दिवस अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर) आणि जमलंच तर पाटणची राणी की वाव. ती शंभराच्या नव्या नोटेवर आहे म्हटल्यावर आईने पर्स उघडून नोट बाहेर काढली, चष्मा लावला, आणि "असू दे, जाऊ" म्हणाली.

कॅमेरा आहे तोच, सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेला मिररलेस. सेन्सर लहान, २३.५ बाय १५.६ मिमी. म्हणजे मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवाल्यांची भाषा समजायला प्रत्येक आकड्याला दीडने गुणायचं. सोबत आलेली किटची १८–५५ झूम लेन्स. हे आकडे फोकल लेंथचे, मिमीमध्ये: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ. खरेदी एकच करणार, दिवाळीच्या बोनसमधून. बाकीचं उसनं किंवा भाड्याने.

परगावी गेल्यावर नव्या लेन्सशी ओळख करून घेत बसायचं नाही, हे हंपीला शिकले. म्हणून दोन महिने तालीम इथेच, मुंबईत. पोळांच्या जागी खोताची वाडी, बोरा बझार, भुलेश्वर. वावेच्या जागी बाणगंगा. सिदी सय्यद मशिदीच्या दगडी जाळीच्या जागी फोर्टातलं उंचावरचं कोरीवकाम. ऑफिस फोर्टातच असल्याने निम्मं काम जेवणाच्या सुट्टीत होईल.

दादाचं (मावसभाऊ) मत आलंच: "१८–२०० घे, एकच लेन्स, विषय संपला." तो अगदीच चूक नाही, म्हणून लिहून ठेवते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

लेन्सबद्दल वाचत बसण्यापेक्षा आपण आतापर्यंत काय केलंय ते बघावं. २०१९ च्या हंपीच्या फोटोंची फोकल लेंथप्रमाणे विभागणी केली. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये ती नोंदलेली असते, सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावला की झालं.

एकूण फोटो १,१४०. त्यातले १८ मिमीवर ४९८, ५५ वर ३२७, आणि मधल्या सगळ्या आकड्यांवर मिळून ३१५.

मग घरातल्या अल्बममध्ये लावलेले ४२ काढले. १८ वर ७, ५५ वर १४, मधले २१.

म्हणजे १८ वर सत्तरात एक टिकला आणि मधल्यांत पंधरात एक. १८ वर एवढे का काढले, याचं उत्तर लाजिरवाणं आहे. कॅमेरा चालू केला की झूम १८ वर उघडतो आणि मी तशीच बटण दाबत सुटते. ५५ चं वेगळं. तिथे रिंग अडेपर्यंत फिरवलेली आहे, म्हणजे मला अजून पुढे जायचं होतं आणि लेन्स संपली होती. मधल्या २१ मध्ये बहुतेक २२ ते २८ च्या आत.

हे बघूनही मनात वाइडच आहे, म्हणजे १०–२० सारखी, रुंद दृश्य पकडणारी लेन्स. जुनं शहर म्हणजे अरुंद गल्ल्या, मागे सरकायला जागा नाही, म्हणजे वाइड हवीच. हे इतकं उघड वाटतं की तपासून बघायलाच हवं.

रविवार, १२ ऑक्टोबर

ओव्हल मैदान, दुपारी साडेचार ते अंधार पडेपर्यंत.

इथे उजेडाचं गणित सोपं आहे. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर ही गॉथिक रांग. तिची तोंडं पश्चिमेला, म्हणून ती संध्याकाळी उजळते. समोर पश्चिमेला आर्ट डेकोची रांग, तोंडं पूर्वेला, तिच्यासाठी सकाळी यायचं. २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हटलं. मधे मैदान आहे म्हणून निदान मुंबईत मागे सरकता येतं. १८६० च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले नसते तर हे एवढं मोकळं दिसलंच नसतं.

काम एकच: राजाबाई टॉवर सरळ उभा काढायचा. कॅमेरा वर केला की उभ्या रेषा माथ्याकडे एकत्र येतात आणि टॉवर मागे कलंडल्यासारखा दिसतो. हा लेन्सचा दोष नाही. सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही की कुठल्याही लेन्सने हेच होणार. कॅमेरा ताठ धरला तर रेषा सरळ, पण मग माथा फ्रेममध्ये बसवायला मागे जावं लागतं. किती मागे? कागदावर मांडलं.

टॉवर ८५ मीटर, माझा डोळा दीड मीटरवर, राहिले ८३.५. कॅमेरा उभा धरला की फ्रेमच्या मध्यापासून वरची कड ११.७५ मिमी. तिला फोकल लेंथने भागायचं, आणि जे येईल त्याने ८३.५ ला भागायचं.

१० मिमीला ७१ मीटर. १८ ला १२८. २३ ला १६३.

पावलांनी मोजत गेले. १८ वर माथा जिथे आत आला ती जागा हिशेबाला बऱ्यापैकी जुळली, पावलं काही टेप नव्हेत. गंमत पुढे. कॅमेरा ताठ म्हणजे क्षितिज बरोबर मध्यावर, आणि फ्रेमचा खालचा अर्धा भाग नुसतं मैदान. गवत, माती, आणि पाठमोरा लाँगऑन. "ओ ताई, बाजूला व्हा!" हे तीनदा ऐकलं. ओव्हलवर एका वेळी इतके सामने चालू असतात की कुठल्या सामन्यातून बाजूला व्हायचं तेही कळत नाही.

तो खालचा अर्धा घरी कापून टाकला. २४ मेगापिक्सेलचे १२ उरले. ए-४ छापायला ३०० डीपीआयने पावणेनऊ लागतात, म्हणजे पुरून उरले. मग लक्षात आलं की वास्तूंचे फोटो काढणारे महागडी शिफ्ट लेन्स वापरतात ती हेच करते. काच वर सरकवून नको ती जमीन फ्रेमबाहेर ठेवते. वाइड लेन्स ताठ धरून खालचं कापलं की भूमिती तीच, फक्त पिक्सेल निम्मे. वाइड लेन्सची ही बाजू मला माहीत नव्हती. जास्त मावतं म्हणून नव्हे, तर ताठ राहता येतं म्हणून वाइड. १०–२० चं पारडं जड झालं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

१०–२० भाड्याने आणली, दोन दिवसांचे १,४००, अनामत वेगळी, आधारची झेरॉक्स. सीएसएमटीसमोरच्या बोरा बझारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत. आज धनत्रयोदशी, गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, त्यात मी लेन्सची पिशवी पोटाशी धरून.

लगेच तपासली म्हणून बरं. सपाट, बारीक तपशिलाची भिंत समोरून, ताठ, एफ/८ वर. (एफचा आकडा म्हणजे अपर्चर, उजेड आत येण्याचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं.) डावी बाजू मऊ, उजवी कडक. कॅमेरा उलटा करून पुन्हा काढला, तरी लेन्सची तीच बाजू मऊ, म्हणजे मी वाकडी उभी नव्हते. आतली काच कधीतरी आपटून केंद्रातून सरकलेली. परत गेले. काउंटरवरचे म्हणाले, "मॅडम, एवढं झूम करून कोण बघतं?" मी बघते. बदलून दिली, पण आधी पंधरा मिनिटं ताटकळत ठेवून. दुसरी ठीक निघाली.

रविवार, १९ ऑक्टोबर

खोताची वाडी, गिरगाव. आईसोबत.

लाकडी जिने, कौलं, बाहेर आलेले सज्जे, मधे दोन माणसं शेजारून जातील एवढा रस्ता. लोक इथे राहतात, हे फोटो काढणाऱ्यांना आठवण करून द्यावं लागतं. आम्ही आठला पोचलो. एक बाई अंगण झाडत होत्या, त्यांना विचारून काढले. आईने त्यांच्याशी फराळाच्या गप्पा सुरू केल्या, त्यामुळे मला अर्धा तास मिळाला.

१० मिमीवर सगळं मावतं. दोन्ही बाजूंची घरं, वरची तारांची जाळी, खालची गटाराची झाकणं, उभ्या केलेल्या स्कूटर, आणि मध्यभागी लांबवर, काडेपेटीएवढं, ज्या घरासाठी आले ते घर. एवढीशी गल्ली वीस मीटरची दिसते. खोताची वाडी ज्या गोष्टीमुळे खोताची वाडी आहे, ती जवळीकच गेली.

मग आईला एका ओट्याजवळ उभं केलं, फ्रेमच्या डाव्या कडेला. फोटो बघून म्हणाली, "मी एवढी जाड आहे का गं?"

नाही. या लेन्स सरळ रेषा सरळ ठेवतात, त्याची किंमत कडेला असलेल्या गोल वस्तू मोजतात. १० मिमीवर आडव्या फ्रेमची कड मध्यापासून जवळजवळ ५० अंशांवर येते, आणि तिथे चेहरा माझ्या हिशेबाने दीडपट रुंद होतो. २३ मिमीवर तीच कड २७ अंशांवर, फुगवटा बाराएक टक्के, कोणाच्या लक्षातही येणार नाही. हे सगळं आईला समजावलं. ती म्हणाली, "मग मला मधे उभी करायचीस." बरोबर आहे, पण गल्लीत माणसं मधे उभी राहत नाहीत, कडेकडेने जातात.

आजचे फोटो १४६. ठेवण्यासारखे ६.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळीच्या साफसफाईत बाबांची जुनी मॅन्युअल ५० मिमी सापडली होती. अॅडॉप्टरने माझ्या कॅमेऱ्यावर बसते, ७५ सारखी वागेल, म्हणून हुरळले. मागून टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ऑफिसजवळच्या दुरुस्तीवाल्या चाचांना दाखवली. उघडली, पुसली, परत टॉर्च मारला, मान हलवली. "कोटिंग खा गया, बेटा." बुरशी जाते, तिने कोरलेलं राहतं. कपाटात कपड्यांच्या घडीत, चामड्याच्या पेटीत, वीस पावसाळे. चामडं स्वतःच ओल धरून ठेवतं हे तेव्हा कोणाला ठाऊक.

चाचांनी पैसे घेतले नाहीत. येताना घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल घेतलं. जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर गरम करायचे. आईने या कामाला तिचा जुना तवा दिला, आणि तो परत स्वयंपाकघरात आणायचा नाही असंही सांगितलं.

रविवार, २ नोव्हेंबर

दादाची ५५–२०० उसनी आणली, लांबचं जवळ आणणारी टेली. म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत ८२ ते ३००.

ठाण्याहून एसी लोकल. सीएसएमटीला उतरून कॅमेरा काढला तर समोर धुकं. पुसलं, परत धुकं. पाऊण तास थंड डब्यात राहिलेली काच बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर पाणी धरणारच, फ्रिजमधल्या बाटलीसारखं. उपाय एवढाच की बॅगची चेन बंद ठेवून वीस मिनिटं थांबायचं, म्हणजे लेन्स हळूहळू बाहेरच्या तापमानाला येते. चहा घेतला. यापुढे फोटोच्या दिवशी साधी लोकल.

स्टेशनची इमारत मी रोज बघते असं मला वाटत होतं. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स वास्तुविशारद, नक्षीकामात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात. २००४ पासून जागतिक वारसा. हे सगळं माहीत होतं. पण घुमटावरच्या 'प्रगती'च्या पुतळ्याकडे, भिंतींतून बाहेर डोकावणाऱ्या प्राण्यांकडे, कमानींच्या कोपऱ्यांतल्या पानांकडे मान वर करून कधी बघितलंच नव्हतं. सात सत्तेचाळीस पकडणारा माणूस वर बघत नाही. २०० वर डोळा लावला आणि इमारत पहिल्यांदा दिसली म्हटलं तरी चालेल.

तिथून चालत पुन्हा राजाबाई टॉवर. त्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या २४ मूर्ती आहेत. ओव्हलवरून १० मिमीमध्ये त्या मुंग्याही नव्हत्या. आज एकेकाचं पागोटं ओळखू आलं. पागोटी कोणती कुठली यावर एका वॉचमनशी चांगली चर्चा झाली.

आणखी एक. लांबून टेलीने काढलं की मान कमी वर करावी लागते, त्यामुळे उभ्या रेषाही कमी कलतात. टॉवर सरळ ठेवायला वाइड लागते असं मी बारा तारखेला मोठ्या थाटात लिहिलं होतं. लांब जाऊन टेली हेही तेच काम करते, फक्त तुकड्यातुकड्याने. शेवटी कुठे उभं राहायचं यावर सगळं ठरतं. लेन्स फक्त त्या जागेवरून किती कापून घ्यायचं ते सांगते.

हे सगळं करताना नारायण दाजींची आठवण झाली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ, स्वतः डॉक्टर, आणि १८५४ मध्ये इथे स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीतले. त्या काळी काचेच्या नाहीतर कागदाच्या निगेटिव्ह, लाकडी तिकाटणं, आणि समोरचा माणूस हलू नये म्हणून विनवण्या. आणि मी १८ की २३ यावर झोप घालवतेय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा, सुट्टी. बाणगंगा. आई, मी, आणि अर्धं वाळकेश्वर.

पाचला पोचलो. उजेड असेतो कुंड चारही बाजूंनी काढून घेतलं. सोबत एका मैत्रिणीची २३ मिमी एफ/२ होती, किट होती आणि ५५–२००. पायऱ्या उतरत गेल्या की कुंड डोळ्यांपुढे पसरत जातं. इथे वाइड नसल्याचं खरंच जाणवलं. २३ उभी धरून शेजारशेजारचे चार फोटो काढले आणि घरी जोडले. नीट जुळले, एका बदकाचे मात्र दोन झाले.

अंधार पडला, पणत्या लागल्या, आणि खरी परीक्षा सुरू झाली. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ठेवून २३ मिमी एफ/२ वर शटर १/६० सेकंद मिळत होतं. किट २३ मिमीवर जास्तीत जास्त एफ/४ उघडते, म्हणजे चौथाई उजेड, म्हणजे १/१५. स्टॅबिलायझेशनमुळे पायऱ्या दोन्हींत स्पष्ट. पण पणती लावणारा हात १/१५ वर नुसता पिवळा फराटा. स्टॅबिलायझर माझा हात धरतो, त्या बाईंचा नाही. हा फरक लेन्सच्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

आता फजिती. आरती सुरू झाली तेव्हा कॅमेऱ्यावर टेली होती आणि मला २३ हवी. गर्दीत, पायरीवर, कोपर अंगाशी घेऊन बदलायला गेले. मागचं झाकण निसटलं. टण, टण, टण करत सात-आठ पायऱ्या उतरलं आणि शांतपणे पाण्यात गेलं. दोन मुलं हसली. मी वर बघेपर्यंत आरतीचा जो क्षण हवा होता तो होऊन गेला होता.

आई तोवर एका कट्ट्यावर बसून प्रसादाचा पेढा खात होती. म्हणाली, "तू बदलत होतीस तेव्हाच छान दिसत होतं सगळं."

नियम: गर्दीत लेन्स बदलायची नाही. जी लावून निघाले ती त्या जागेची लेन्स. दादाची १८–२०० इथे जिंकली असती असं कोणी म्हणेल. तीही २३ च्या आसपास एफ/४ च्या पुढेमागेच असते. जिंकली नसती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

२३ मिमी एफ/२, सेकंडहँड, १९,५०० ला घेतली. टॉर्च मारून आत बुरशी नाही ना पाहिलं, अपर्चरच्या पात्यांवर तेल नाही, फोकसची रिंग अडखळत नाही. एफ/२ वर आणि एफ/८ वर भिंत काढून दोन्ही कडा सारख्या आहेत याची खात्री केली. विक्रेता माणूस चांगला, स्वतःहून म्हणाला की हूडवर चरा आहे, दोनशे कमी द्या. मी आधीच घासाघीस केली होती, त्यामुळे दोनशे कमी घेताना लाज वाटली. घेतले.

रविवार, १६ नोव्हेंबर

दिवसभर फक्त २३. बाकी सगळं घरी, म्हणजे मोहच नको. बोरा बझार, मग क्रॉफर्ड मार्केट, काळबादेवी, मुंबादेवी, भुलेश्वर.

रविवारी बोरा बझार झोपलेला असतो, शटरं खाली, त्यामुळे इमारती दिसतात. सात-आठ वेळा समोरच्या भिंतीला पाठ टेकवून पूर्ण इमारत काढायचा प्रयत्न केला. जमत नाही, जमणारही नाही. बारा मीटर उंच घर ताठ कॅमेऱ्याने पूर्ण यायला २३ मिमीला वीस मीटर लागतात, १० मिमीलाही नऊ. गल्ली पाच मीटरची. कुठलीच लेन्स इथे पुरत नाही.

मग भिंतीपासून सुटून चालायला लागले. आणि जे दीड महिना डोळ्यांसमोर होतं ते आत्ता दिसलं. गल्लीतलं घर समोरून कोणी बघतच नाही. ज्याने बांधलं त्यालाही माहीत होतं की समोर उभं राहायला जागा नाही. ते दिसतं चालत येताना, तिरकं, सज्जाखाली सज्जा, कोपऱ्यावरच्या खांबाआड. म्हणून नक्षी कुठे असते? सज्ज्याच्या खालच्या बाजूला, ब्रॅकेटवर, दाराच्या चौकटीवर, येणाऱ्याच्या नजरेला लागेल तिथे. दर्शनी भाग सपाट, समोरून, पूर्ण हवा, ही ओव्हलवरच्या इमारतींची सवय मी बोरा बझारवर लादत होते. त्या मैदानासमोर बांधल्या, म्हणून मैदानावरून बघायच्या. या गल्लीत बांधल्या, म्हणून गल्लीतून.

गल्लीच्या लांबीने, तिरकं, २३ ने काढलेले फोटो लावून बघितले. घरं उंच वाटतात, गल्ली अरुंद वाटते, माणसं माणसांएवढी. जशी आहे तशी.

भुलेश्वरला दुपारी फुलवाले, भांडीवाले, हातगाड्या, "बाजू, बाजू!" २३ ने हाताच्या अंतरावरून काढावं लागतं, म्हणजे माणसाशी बोलावंच लागतं. एका तांब्याच्या दुकानदाराने आधी माझ्याकडून एक लोटा विकत घेववला, मग फोटो काढू दिला. लोटा महाग पडला.

काय जमलं नाही: क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची लॉकवुड किपलिंगची उठावशिल्पं. खालून बारीक येतात. तिथे टेलीच हवी.

फोटो १८८, ठेवण्यासारखे ३१. मी आधी कधीच असं प्रमाण पाहिलेलं नाही. अर्थात दिवसभर चालले, हेही कारण असेल.

रविवार, ३० नोव्हेंबर

अडालजची शंका शिल्लक. पाच मजले खाली उतरणारी वाव, १४९९ च्या सुमाराची, मधे खांबांच्या चौकटी, वर आकाशाचा अष्टकोनी तुकडा. तिथे मागे सरकायला जागा नाही आणि तिरकं काढूनही भागणार नाही. १०–२० पाच दिवस भाड्याने न्यायची तर साडेतीन हजार आणि बॅगेत आणखी एक डबा.

हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली फोटो जोडायची तालीम केली. कमानी जवळ, मागे इमारत, म्हणजे अडालजसारखीच अडचण. शरीर फिरवलं की जवळचा खांब आणि मागची भिंत जुळत नाहीत, खांबाला सांधा दिसतो. कॅमेरा जागच्या जागी ठेवून स्वतः त्याच्याभोवती फिरलं की जुळतात. बघणाऱ्यांना बाई फुगडी घालते आहे असं वाटत असणार. नऊपैकी सात संच जुळले.

इतक्यात आईने तिचा फोन वर धरला, "पॉइंट फाइव्ह" दाबलं, आणि पूर्ण कमान, फरशीपासून टोकापर्यंत, एका फोटोत काढली. गेल्या वर्षी भाच्याने दिलेला फोन. त्यात वाइड लेन्स आहे हे मला माहीत होतं, आईला ती वापरता येते हे नव्हतं. अंधारात त्याचे फोटो चिखल होतात, पण अडालजला आम्ही भर दुपारी असणार.

१०–२० रद्द.

बुधवार, १० डिसेंबर

बॅग भरली. कॅमेऱ्यावर २३. आत ५५–२०० (दादाने "पाडू नकोस" असं दोनदा सांगून दिली). बॅटऱ्या तीन, कार्डं दोन, सुती कापड, ब्लोअर, सिलिकाच्या दोन पुड्या. किटची १८–५५ कपाटातल्या डब्यात. ट्रायपॉड नाही, तो उघडला की कुठला ना कुठला सुरक्षारक्षक येतोच. सगळं मिळून दीड किलोच्या आत, शिवाय आईची पाण्याची बाटली माझ्याकडेच असणार.

दिवसाचा क्रम लेन्सप्रमाणे लावला. सकाळी पोळांत २३. सिदी सय्यदच्या जाळीला टेली, हॉटेलातूनच लावून निघायचं. रात्री माणेक चौकात परत २३, दिवसा सराफ बाजार आणि रात्री खाऊगल्ली, तिथे एफ/२ लागेल. आईने या क्रमात फक्त माणेक चौकाची वेळ विचारली.

टेलीला मागचं झाकण नाही, ते बाणगंगेत आहे. सध्या प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर बँड. उद्या जेवणाच्या सुट्टीत बोरा बझार. दीडशे सांगतील, ऐंशीला मिळतं.